पोपनं सांगितलेली तारीख कोण मानणार? (१५८२ नंतरचं एक भांडण)

घटिकापात्र

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कशावरून भांडले असं विचारलं की ठरलेली यादी येते. विकत मिळणारी पापमुक्तीची पत्रं, संतांच्या मूर्ती, पाद्र्यांची लग्नं, मिस्सातली, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतली, भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते की नाही. या यादीत एक भांडण सहसा नसतं, आणि मला तर तेच सगळ्यांत बोलकं वाटतं. प्रश्न एवढाच होता की आज तारीख काय?

गुरुवार, ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री रोम, माद्रिद आणि लिस्बनमधली माणसं झोपली ती उठली शुक्रवारी, १५ ऑक्टोबरला. मधले दहा दिवस तेराव्या ग्रेगरी पोपच्या फर्मानानं खाल्ले. फर्मान त्याच वर्षीच्या २४ फेब्रुवारीचं.

गणित सोपं आहे. ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं. खरं सौरवर्ष त्याहून साधारण ११ मिनिटांनी कमी. ही ११ मिनिटं साचत साचत १२८ वर्षांत एक दिवस होतो. इ.स. ३२५ मध्ये निकायाला बिशपांची परिषद भरली तेव्हा वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस, २१ मार्चला धरला होता, तो १५८२ पर्यंत ११ मार्चवर आला होता. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी येतो. म्हणजे ख्रिस्ती वर्षातला मुख्य सणच जागचा हलला होता. कालाब्रियाचा वैद्य लुइजी लिलिओ यानं दुरुस्तीचा आराखडा केला. तो १५७६ मध्ये वारला, मग त्याच्या भावानं तो रोममध्ये मांडला. क्लाविउस नावाच्या जर्मन जेझुइट (कॅथलिक धर्मप्रसारकांच्या संघातल्या) गणितीनं पुढे आयुष्यभर त्याची वकिली केली. शंभरानं भाग जाणारं वर्ष लीप धरायचं नाही, चारशेनं भाग गेला तरच धरायचं, हा आज आपण वापरतो तो नियम तिथलाच.

आता गंमत बघा. कॅलेंडर चुकलंय हे प्रोटेस्टंटांनाही मान्य होतं. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या खुद्द ल्यूथरनं १५३९ मध्ये लिहिलंय की ईस्टर भलतीकडे चाललाय, पण दुरुस्त करायचाच असेल तर ते काम सम्राटाचं आणि राजांचं, चर्चचं नव्हे. ल्यूथरच्याच विटेनबर्गमध्ये राइनहोल्डनं १५५१ साली ग्रहगणिताची कोष्टकं केली, ती कॅथलिक गणितीही बिनदिक्कत वापरत. थोडक्यात, आकड्यांवर भांडण नव्हतंच. भांडण होतं खालच्या सहीवर.

आणि सही कोणाची? २४ ऑगस्ट १५७२ ला, संत बार्थोलोम्यूच्या दिवशी, पॅरिसमध्ये ह्यूगनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, घराघरातून ओढून मारले गेले. त्याची बातमी रोमला पोचल्यावर ज्या पोपनं आभाराची प्रार्थना म्हणवली, पदक पाडलं आणि व्हॅटिकनच्या भिंतीवर वासारीकडून त्या कत्तलीची चित्रं काढून घेतली, तोच हा ग्रेगरी. दहा वर्षांनी तोच माणूस म्हणतोय की दहा दिवस सोडून द्या, सूर्याची शपथ. तुम्ही प्रोटेस्टंट असता तर मानलं असतं? मी तरी नसतं मानलं.

जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या प्रोटेस्टंट धर्मशास्त्र्यांनी लगेच लेखण्या उपसल्या. जेकब हेअरब्रांटच्या मते हा पोपचा मागच्या दारानं घरात शिरायचा डाव होता. आज सणाची तारीख त्यानं ठरवली, उद्या सण कसा करायचा तेही तोच ठरवणार. तिथलाच गणिती मेस्टलिन, म्हणजे केपलरचा गुरू, यानंही पुस्तिका लिहून विरोध केला. जर्मन मुलखावरच्या पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा रुडॉल्फ यानं १५८३ मध्ये तेच कॅलेंडर आपल्या नावानं पुढे केलं तरी प्रोटेस्टंट राजे बधले नाहीत.

सगळ्यांत जास्त भडका उडाला ऑग्सबुर्गला. १५५५ चा धर्मतह याच शहरातला. ज्याचं राज्य त्याचा धर्म, हे सूत्र त्या तहापासूनचं. पण खुद्द ऑग्सबुर्ग हे राजा नसलेलं, थेट सम्राटाच्या हाताखालचं शहर, आणि तिथे तहानं दोन्ही पंथांना एकत्र नांदायला सांगितलेलं. वस्ती बहुतांश प्रोटेस्टंट. नगरसभेची सूत्रं मात्र कॅथलिकांच्या हातात, कारण पाचव्या चार्ल्सनं १५४८ मध्ये सभेची रचनाच तशी बदलून ठेवली होती. १५८३ मध्ये सभेनं नवं कॅलेंडर लावलं. कारण दिलं व्यापाराचं. शेजारचा बव्हेरिया आणि बिशपचा मुलूख नव्या तारखा पाळणार, तर बाजाराचे दिवस जुळायला नकोत का? प्रोटेस्टंट सभासद साम्राज्याच्या न्यायालयात गेले आणि १५८४ मध्ये हरले.

त्या वर्षी ईस्टरमध्ये किती अंतर पडलं ते मी हिशेब करून पाहिलं. कॅथलिकांचा ईस्टर नव्या पद्धतीनं १ एप्रिल. प्रोटेस्टंटांचा जुन्या पद्धतीनं १९ एप्रिल, म्हणजे नव्या पद्धतीनं २९ एप्रिल. एकाच गल्लीत दोन ईस्टर, मध्ये चार आठवडे. गेओर्ग म्युलर या मुख्य पास्टरनं, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मोपदेशकानं, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण जुन्या तारखेलाच होईल असं जाहीर केलं. सभेनं त्याला हद्दपारीचा हुकूम काढून गाडीत घातलं. वेशीपर्यंत गाडी जाते न जाते तोच लोकांनी ती अडवून त्याला सोडवलं. थोड्याच वेळात हत्यारं घेतलेला जमाव नगरभवनापुढे उभा होता. मोठी कत्तल टळली. म्युलर निसटून उल्मला गेला आणि पुढे विटेनबर्गला प्राध्यापक झाला. शहरातलं भांडण मात्र चिघळत राहिलं, कारण पुढचा प्रश्न आला की पास्टर नेमायचे कोणी.

याच उन्हाळ्यात, १० जुलै १५८४ ला, डेल्फ्टमध्ये एका कॅथलिक मारेकऱ्यानं ऑरेंजच्या विल्यमला गोळी घातली. त्याच्या डोक्यावर स्पेनच्या राजानं इनाम लावलं होतं. हे शेजारी ठेवून वाचलं की ऑग्सबुर्गचे लोक कॅलेंडरासाठी हत्यारं का घेऊन आले ते कळतं.

बाकी तुम्ही भर घाला.

मंडईवाला

दहा दिवसांचं व्याज?

लेख आवडला, पण माझ्या धंदेवाईक डोक्यात पहिला प्रश्न हा आला. भाडं, व्याज, नोकराचा पगार, हुंडीची मुदत, यांचं काय केलं? ४ तारखेनंतर १५ उजाडली तर सावकार म्हणणार महिना झाला, काढा पैसे.

घटिकापात्र

मंडईवाले, हा प्रश्न पोपच्या लोकांनाही पडला होता. फर्मानातच कलम आहे की वर्षाच्या किंवा महिन्याच्या देण्यांवरून तंटा झाला तर न्यायाधीशानं गाळलेले दहा दिवस हिशेबात घ्यावेत आणि मुदतीच्या शेवटी दहा दिवस वाढवून द्यावेत.

धंद्याचा दुसरा पैलूही आहे. नवं कॅलेंडर छापायचा एकट्याचा हक्क लिलिओच्या भावाला, अंतोनियोला, दिला होता. दुसऱ्या कोणी छापलं तर दंड आणि वर धर्मबहिष्कार. पण त्याला वेळेत पुरेशा प्रती छापता येईनात, म्हणून सप्टेंबरमध्ये तो हक्क काढून घेतला. बदल तोंडावर आला आणि कॅलेंडर छापून तयार नाही!

खडूस_मास्तर

लेख चांगला, पण ‘प्रोटेस्टंटांनी नाकारलं’ हे सरसकट विधान पटलं नाही. हॉलंड आणि झीलंड हे कॅल्विनपंथी बंडखोर प्रांत. स्पेनशी जिवावर उदार होऊन लढत होते. तरी १५८२-८३ च्या नाताळ-नवीन वर्षाच्या सुमारास त्यांनी दहा दिवस गाळलेसुद्धा! कारण तेव्हा फ्रान्सच्या राजाचा भाऊ, आंजूचा ड्यूक, त्यांचा नामधारी धनी होता आणि फ्रान्सनं डिसेंबर १५८२ मध्ये ९ नंतर थेट २० तारीख धरली होती. शेजारच्या उट्रेख्टनं मात्र १७०० पर्यंत जुनंच धरून ठेवलं. ॲमस्टरडॅमहून निघून संध्याकाळी उट्रेख्टला पोचलं की दहा दिवस मागे. दोन्हीकडे प्रोटेस्टंटच.

धर्म होताच. पण कोणत्या वेळी कोणाशी सोयरीक होती हे जास्त महत्त्वाचं होतं. तुमचा लेख सहीपाशी थांबतो, मी म्हणेन सहीच्याही मागे बघा.

घटिकापात्र

मास्तर, हॉलंडचं उदाहरण माझ्याच म्हणण्याला बळ देतं असं मला वाटतं. त्यांनी पोपचं फर्मान कुठे मानलं? आपल्या प्रांतसभेच्या ठरावानं बदल केला. ल्यूथर हेच म्हणत होता. ऑग्सबुर्गचे प्रोटेस्टंट ज्यावर अडले होते, तो अधिकार हॉलंडमध्ये प्रोटेस्टंटांच्याच हातात होता.

कंदीपेढा

आमच्याकडे कोकणात टिळक पंचांगवाल्यांचं असंच असतं की! अधिक महिना वेगळा पडला तर एखाद्या वर्षी त्यांचे गणपती बाकीच्यांच्या महिनाभर आधी येतात. आळीत एका घरी आरती, शेजारी अजून श्रावण. मोदक दोनदा मिळतात, त्यामुळे आम्हा पोरांची कधीच तक्रार नसायची.

घटिकापात्र

कंदीपेढा, उदाहरण चपखल आहे. फरक एवढाच की टिळक पंचांग पाळलं म्हणून कोणाला गावाबाहेर काढलेलं मी ऐकलं नाही. तिथे नगरसभा, न्यायालय, सम्राट सगळे तारखेच्या मागे उभे होते, म्हणून ते पेटलं.

तिरपागड्या

एवढ्या मोठ्या चर्चेत ‘देव एकच आहे’ हे कोणाला सुचलं नाही का? दहा दिवस इकडे काय नि तिकडे काय. रिकामटेकड्या पाद्र्यांचे उद्योग.

खडूस_मास्तर

तिरपागड्या, संत मार्टिनच्या दिवशी खंड भरायचा, संत मायकेलच्या दिवशी गडी बदलायचे, अमुक संताच्या दिवशी पेरायचं, अशी तिथल्या शेतकऱ्याची घडी बसलेली होती. पाद्र्यांपेक्षा त्याचं अडत होतं. रिकामटेकडे लोक धाग्यावर येतात.

वसईकर

एकतर्फी वाटलं, म्हणून लिहितोय.

मी वसईचा कॅथलिक आहे. ग्रेगरीनं बार्थोलोम्यूच्या कत्तलीवर आनंद साजरा केला यावर पांघरूण घालायचं मला कारण नाही, ते लाजिरवाणंच आहे. पण त्याच दहा वर्षांत चित्राची दुसरी बाजूही होती. पाचव्या पायस पोपनं १५७० मध्ये एलिझाबेथ राणीला बहिष्कृत केलं, तिच्या प्रजेला तिच्या आज्ञेतून मोकळं केलं, आणि त्याची किंमत इंग्लंडातल्या साध्या कॅथलिकांनी मोजली. एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला १ डिसेंबर १५८१ ला लंडनमध्ये टायबर्नला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे केले. १५८५ पासून तर परदेशात दीक्षा घेतलेला पाद्री इंग्लंडात सापडणं हाच राजद्रोह ठरला. म्हणजे कॅलेंडराचं फर्मान निघालं त्याच्या तीनच महिने आधी कॅम्पियन मेला होता. भीती दोन्हीकडे होती.

आणि या भांडणाचं एक टोक आपल्यापर्यंत आलंय. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज कॅथलिक. त्याला मायदेशात आपला धर्म उघडपणे पाळता येईना. रोमला जाऊन तो जेझुइट झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. सासष्टीत राहून त्यानं मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. मराठीच्या स्तुतीच्या त्याच्या ओव्या शाळेत सगळ्यांनी वाचल्यात. तो मराठीत लिहिता झाला, त्याला टायबर्नचा फासही कारण आहे. १५८३ मध्ये व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे सोबती, सगळे इंग्रज, होर्मुझला पकडून गोव्याच्या तुरुंगात आणले. त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली ती याच स्टीफन्सनं. देशात एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन पंथ, आणि मांडवीच्या काठी सोडवायला धावला तो असा.

ओसाडगावची

वसईकर, फार सुंदर प्रतिसाद. शाळेत ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ पाठ केलं होतं, पण हा माणूस घर सोडून का आला हे कोणी सांगितलं नव्हतं.

निळी_शाई

बव्हेरियात राहते म्हणून पुढची जर्मन गोष्ट सांगते. इथे ती रंगत जाते.

केपलर १५९४ मध्ये ट्यूबिंगन सोडून ऑस्ट्रियातल्या ग्रात्सला नोकरीला गेला. ट्यूबिंगन जुन्या तारखेचं, ग्रात्स नव्या. वाटेतच दहा दिवस हरवले. नोकरीत दरवर्षीचं कॅलेंडर करायचं काम होतं, भविष्यासकट. पहिल्याच वर्षी त्यानं कडाक्याची थंडी आणि तुर्कांची स्वारी वर्तवली. दोन्ही खरी ठरली आणि पोराचं नाव झालं. स्वतः पक्का ल्यूथरपंथी, तरी नवं कॅलेंडर बरोबर आहे असं त्याचं मत, त्याच्या गुरूच्या अगदी उलट. त्याचं बक्षीस काय? १६०० मध्ये कॅथलिक राजपुत्रानं प्रोटेस्टंटांना ग्रात्समधून काढलं, त्यात केपलरही गेला. तरी १६१३ मध्ये रेगेन्सबुर्गच्या सभेत तो सम्राटाबरोबर जाऊन प्रोटेस्टंटांना सांगत होता की हे स्वीकारा. कोणी ऐकलं नाही.

मग आलं कॅथलिक-प्रोटेस्टंटांचं तीस वर्षांचं युद्ध. त्यात दोन्ही बाजूंचे सेनापती एकाच लढाईची तारीख दोन तऱ्हांनी लिहीत. शहाणे लोक पत्रावर अपूर्णांकासारखी दोन्ही लिहीत, वर एक, खाली एक.

१७०० जवळ आलं तेव्हा जर्मन प्रोटेस्टंटांची पंचाईत झाली. जुन्या पद्धतीत १७०० हे लीप वर्ष, नव्यात नाही. म्हणजे अंतर दहाचं अकरा होणार. तेव्हा कुठे १६९९ मध्ये त्यांनी ठरवलं की १८ फेब्रुवारी १७०० नंतर थेट १ मार्च. पण ग्रेगरीचं घेतलं असं म्हणायचं कसं? म्हणून नाव दिलं ‘सुधारित कॅलेंडर’, आणि ईस्टर पोपच्या चक्रावर न काढता केपलरच्या कोष्टकांवरून, चंद्र-सूर्याच्या खऱ्या स्थितीवर काढायचा. म्हणजे एरवी तारखा सारख्या, पण ईस्टर कधीमधी वेगळा. १७२४ मध्ये प्रोटेस्टंटांचा ईस्टर ९ एप्रिलला, कॅथलिकांचा १६ ला. बाखनं योहानच्या शुभवर्तमानावर रचलेलं दुःखभोगाचं संगीत पहिल्यांदा वाजलं ते लाइपझिगमध्ये ७ एप्रिल १७२४ च्या गुड फ्रायडेला. कॅथलिकांचा गुड फ्रायडे अजून आठवडाभर लांब होता. हा वेगळेपणा १७७६ मध्ये संपला.

स्वीडननं तर कहर केला. चाळीस वर्षांत लीप दिवस एकेक करून गाळू म्हणाले. १७०० चा गाळला, पुढचे युद्धाच्या धांदलीत विसरले, आणि मग ना ज्युलियन ना ग्रेगोरियन अशी स्वतःचीच तिसरी तारीख घेऊन बसले. ती सोडून जुन्यावर परत यायला १७१२ मध्ये फेब्रुवारी ३० दिवसांचा केला. ३० फेब्रुवारी, विनोद नाही.

आणि ऑग्सबुर्ग? तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालिया तहानं तिथे दोन्ही पंथांना निम्मी निम्मी अधिकारपदं दिली. आज ८ ऑगस्टला त्या शहरात शांतिदिनाची सार्वजनिक सुट्टी असते, आणि ती फक्त ऑग्सबुर्गच्या हद्दीत. पलीकडच्या गावात दुकानं उघडी.

दर्यावर्दी

इंग्लंडचं राहिलं. १५८३ मध्ये एलिझाबेथच्या दरबारात जॉन डी या गणितीनं अहवाल दिला होता की बदल करावा. त्याच्या मते तर अकरा दिवस गाळायला हवेत, कारण मोजायचं ते निकायापासून नव्हे, ख्रिस्ताच्या जन्मापासून. मंत्री तयार होते. आर्चबिशप ग्रिंडल आणि काही बिशपांनी खोडा घातला: पोपशी आपलं नातंच नाही, तर सगळ्या ख्रिस्ती चर्चांची परिषद भरल्याशिवाय कसं करणार? अशी परिषद भरणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रस्ताव गुंडाळला तो १६९ वर्षं.

तोवर काय काय विनोद झाले बघा. ऑरेंजचा तिसरा विल्यम १६८८ मध्ये कॅथलिक दुसऱ्या जेम्सला हटवायला हॉलंडहून ११ नोव्हेंबरला निघाला आणि इंग्लंडला उतरला ५ नोव्हेंबरला. पुढे आयर्लंडात बॉइन नदीवरची लढाई त्याच्या लोकांच्या हिशेबानं १ जुलै १६९० ची. उत्तर आयर्लंडातले प्रोटेस्टंट आज ती १२ जुलैला मिरवणुका काढून साजरी करतात. पोपचा पाडाव साजरा करायचा, तोही पोपच्या कॅलेंडरानं!

शेवटी १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणून दंगली झाल्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं, त्याला पुरावा नाही. ते सगळं होगार्थ या इंग्रज चित्रकाराच्या निवडणुकीवरच्या एका चित्रातून आलंय. खऱ्या दंगली हव्या असतील तर बाल्टिक किनाऱ्यावरच्या रीगाला जा. तिथे पोलंडच्या कॅथलिक राजानं हे कॅलेंडर ल्यूथरपंथी शहरावर लादलं, १५८४ पासून पाच वर्षं धुमाकूळ चालला आणि १५८९ मध्ये पुढाऱ्यांना मृत्युदंड झाला.

ओसाडगावची

आपल्या इतिहासाचं काय?

दर्यावर्दी, तुमच्या १७५२ वरून आठवलं. सुरत, मुंबई, राजापूरचे इंग्रज वखारवाले या सगळ्या काळात जुनीच तारीख लिहीत होते ना? आणि गोव्याचे पोर्तुगीज नवी. मग शिवकाळातल्या तारखा कोणत्या?

घटिकापात्र

ओसाडगावची, धागा इथे यावा अशी मनातून इच्छा होती.

हो. महाराजांच्या काळच्या आपण वापरतो त्या इंग्रजी तारखा बहुतेक जुन्या, म्हणजे प्रोटेस्टंट इंग्लंडच्या. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. त्याच्या हिशेबानं ६ जून १६७४. गोव्यातल्या पोर्तुगिजाच्या कागदावर तोच दिवस १६ जून. मूळ नोंद आपली: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. तिला कॅथलिक-प्रोटेस्टंट काही कळत नाही.

जन्मतिथीचंही तसंच. जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. जुन्या पद्धतीनं १९ फेब्रुवारी १६३०, नव्या पद्धतीनं १ मार्च १६३०. वार ताडून पाहिला, शुक्रवारच येतो. वार कधीच बदलले नाहीत, कारण पोपनं तारखा गाळल्या पण आठवडा तोडला नाही. ४ ला गुरुवार, १५ ला शुक्रवार. वार जुळला की कोणती पद्धत हे लगेच कळतं.

सुरतेची पहिली लूट बुधवार, ६ जानेवारी १६६४. सुरतेतल्याच डचांची कंपनी हॉलंड-झीलंडची, म्हणून त्यांच्या हिशेबात तोच बुधवार १६ जानेवारी. त्यात इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे त्यांच्या पत्रावर साल १६६३ दिसेल. नवशिका अभ्यासक इथे हमखास वर्षानं मागे जातो.

मंडईवाला

थांबा थांबा. म्हणजे शिवजयंती १ मार्चला करायची म्हणता? आधीच तिथी की तारीख यावर दर वर्षी रण माजतं, त्यात ही तिसरी.

घटिकापात्र

अजिबात नाही. १७५२ च्या आधीच्या घटनांना इंग्रजी राज्यातली जुनी पद्धत लावायची हा आपल्या बहुतेक इतिहासकारांचा रिवाज आहे, आणि सगळे तोच पाळत असतील तर गोंधळ होत नाही. जयंतीची तारीख शासनानं ठरवलीय, ती तशीच राहू दे. मी एवढंच म्हणतोय की रायगडाच्या ६ जूनमागे ग्रिंडल आर्चबिशपचा नकार आहे.

खडूस_मास्तर

या वाक्याला शंभर पैकी ऐंशी. वीस गुण कापले, कारण ग्रिंडल नसता तरी त्या दशकात, कॅम्पियनला फाशी दिल्यावर आणि स्पेनशी युद्ध दारात असताना, इंग्लंडच्या पार्लमेंटनं हे मान्य केलं असतं का याची शंका आहे. नकार एकट्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू नका. बाकी मांडणी मान्य.

वसईकर

आमच्या वसईचं उदाहरण सगळ्यांत स्वच्छ आहे. पोर्तुगिजांनी चिमाजी अप्पांपुढे शरणागती पत्करली ती तारीख एका पुस्तकात ५ मे १७३९, दुसऱ्यात १६ मे १७३९. मराठे किल्ल्यात शिरले तो दिवस एकीकडे १२ मे, दुसरीकडे २३ मे. लहानपणी गावातल्या म्हाताऱ्यांचे यावर वाद ऐकलेत, आणि दोन्ही बाजूंचा एकमेकांच्या पुस्तकावर विश्वास नव्हता. दोन्ही पुस्तकं बरोबर. अकरा दिवसांचं अंतर आहे, कारण १७०० उलटून गेलं होतं.

आणि कल्पना करा, १६६५ पासून १७३९ पर्यंत माहीमच्या खाडीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे वांद्र्याला पोर्तुगीज. वांद्र्याच्या जेझुइटांचा नाताळ होऊन नवं वर्ष लागायचं, तेव्हा माहीमच्या इंग्रजांचा नाताळ अजून यायचाच असायचा. होडीनं अर्ध्या तासाचं अंतर.

कंदीपेढा

म्हणजे केक दोनदा. बघा, माझा मुद्दा सुटला नाही.

ओसाडगावची

मग एखादं जुनं पत्र हाती आलं तर नेमकं करायचं काय ते थोडक्यात सांगाल का? माझ्याकडे वखारीच्या पत्रव्यवहाराचे काही उतारे आहेत, आणि त्यातल्या डच नोंदींशी मेळच बसत नव्हता.

घटिकापात्र

आधी पत्र कोणाचं ते बघा. इंग्रजाचं असेल तर जुनी पद्धत. पोर्तुगीज, फ्रेंच आणि डच कंपनीचं असेल तर नवी. इंग्रजी तारखेत २८ फेब्रुवारी १७०० पर्यंत दहा दिवस मिळवा, त्यानंतर २ सप्टेंबर १७५२ पर्यंत अकरा. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातलं इंग्रजी पत्र असेल तर साल एकानं वाढवायचं आहे का ते तपासा, आणि ‘१६६३/४’ असं दुहेरी साल लिहिलेलं असेल तर दुसरा आकडा घ्या. मग शक असलेली मराठी नोंद मिळाली तर तिथी आणि वार लावून पाहा. मेळ न बसणारा एखादा उतारा इथे टाका, तारीख आणि कोणत्या वखारीचा एवढं पुरे. मास्तर आहेतच गुण कापायला.

ओसाडगावची

रात्री टाकते. पहिला राजापूरचा आहे, फेब्रुवारीतला, आणि त्यावर साल एकच लिहिलंय.